उतरवलेलं वजन परत का येतं?

‘मॅडम, वजन उतरवता येतं मला. टिकवता येत नाही. माझ्यात जिद्दच नाही का?’

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी सतत ऐकते. कुणी झोप येत नाही म्हणून आलेलं असतं, कुणी घरातल्या ताणामुळे, कुणी कामावर लक्ष लागत नाही म्हणून. दोन-तीन भेटी झाल्या की बोलणं हळूच वजनावर येतं, आणि बहुतेकांनी स्वतःपुरता निकाल आधीच देऊन टाकलेला असतो: दोष माझा. या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून एका ताईंची हकिकत सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत शिकवतात. वय ४६, उंची पाच फूट दोन इंच. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं ते वजनासाठी नव्हे. चिडचिड वाढली होती, रात्री झोप मोडायची आणि चारचौघांत जाणं त्या टाळू लागल्या होत्या. नणंदेची वास्तुशांत चुकवली. शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळे शिक्षक फोटोला उभे राहिले, तेव्हा ताई सामानाच्या खोलीत काहीतरी शोधत राहिल्या. पहिल्या भेटीत त्यांनी पर्स मांडीवर, पोटासमोर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. पाणी प्यायलासुद्धा ती बाजूला ठेवली नाही.

त्या भेटीच्या दोन वर्षं आधी भाच्याचं लग्न होतं. त्यासाठी त्यांनी सात महिन्यांत ८२ वरून ६८ किलोवर वजन आणलं. पैसे भरून पॅकेज घेतलं होतं. सकाळी दुधीचा रस, दुपारी एक भाकरी आणि भाजी, रात्री सूप, आणि पहाटे रंकाळ्यावर चालणं. लग्नात ज्याच्या त्याच्या तोंडी यांचंच कौतुक. पॅकेज संपलं, रोज वजन विचारणारे फोन थांबले, आणि पुढच्या दीड वर्षात काटा ८६ वर गेला.

‘चौदा किलो उतरले तेव्हा सगळे म्हणाले, काय जिद्द आहे बाईंची,’ त्या म्हणाल्या. ‘अठरा चढले तेव्हा कुणी काहीच बोललं नाही. आरशासमोर मीच मला म्हणते, हावरी आहेस तू.’

मी त्यांना विचारलं, लग्नानंतरच्या त्या महिन्यांत नेमकं काय होत होतं? बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग सांगितलं ते एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तशा आवाजात. नववीच्या वर्गावर शिकवताना डोक्यात एकच विचार असायचा, शिक्षक खोलीतल्या कपाटात आज कुणी काय आणलंय. रात्री सगळे झोपले की मोबाइलवर पाककृतींचे व्हिडिओ बघायच्या, कधीही करणार नाहीत अशा पदार्थांचे. पूर्वी असं कधी होत नव्हतं. ‘मला वाटलं, माझं डोकंच फिरलं.’

त्यावर मी त्यांना मिनेसोटा विद्यापीठातल्या एका जुन्या प्रयोगाची माहिती दिली. १९४४-४५ साली ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. महायुद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे समजून घ्यायचं होतं. त्या तरुणांना रोज साधारण दीड हजार कॅलरी मिळत होत्या, म्हणजे आज हातोहात फिरणाऱ्या कित्येक डाएट चार्टपेक्षा जास्तच. काही आठवड्यांत त्यांचं बोलणं, स्वप्नं, वाचन सगळं अन्नाभोवती फिरायला लागलं. स्वयंपाकाची पुस्तकं जमवून ती वाचत बसणारे त्यांच्यात होते. पोटभर खायला मिळू लागल्यावरही कित्येकांचं समाधान लवकर झालं नाही. हे सगळे ठणठणीत, स्वतःहून प्रयोगात आलेले तरुण होते. त्यांच्या जिद्दीबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

ताईंनी विचारलं, ‘पुस्तकं वाचायचे? नुसती?’

मग दुसरी गोष्ट सांगितली. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नास लठ्ठ व्यक्तींना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं, जवळजवळ ताईंच्या इतकंच. वर्षभराने पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक आधीपेक्षा जास्त होतं, आणि चरबीच्या पेशी मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप देतात ते लेप्टिन कमी होतं. डाएट संपून वर्ष उलटलं, काही वजन परतही आलं होतं, तरी भूक पहिल्यापेक्षा जास्तच.

‘म्हणजे मला खरंच भूक लागत होती?’

‘हो ताई. खरीच भूक होती ती.’

त्या रडल्या. तेव्हा पहिल्यांदा पर्स बाजूला खुर्चीवर ठेवली गेली.

या विषयात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, असं माझं मत आहे. वजन घटल्यावर शरीर दोन्ही बाजूंनी ओढतं. लहान झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते, आणि त्यापुढे जाऊनही ते काटकसर करतं. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या चौदा जणांना केव्हिन हॉल यांच्या चमूने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्वस्थ बसल्या जागी त्यांचं शरीर जेवढी ऊर्जा जाळायला हवी होती, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. भुकेची ओढ याहूनही जबर असते. याच हॉल यांच्या दुसऱ्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की घटलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र शंभर कॅलरींच्या आसपास वाढते. हे आपल्याला कुणी सांगतच नाही. पॅकेज विकणारे सांगत नाहीत, नातेवाइकांना ठाऊक नसतं, आणि माणूस त्या भुकेला स्वतःचा हावरेपणा समजतो. मग लाज वाटते, लाज लपवावी लागते, आणि लपून खाणं सुरू होतं.

ताईंचं लपून खाणं स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी चालायचं. रात्री साडेदहा. दूध तापवून झालेलं, विरजण लावलेलं, सकाळची कणीक भिजवून फ्रिजमध्ये गेलेली. भडंगाचा पत्र्याचा डबा फडताळात वरच्या फळीवर. झाकण उघडताना ‘टक’ असा आवाज होतो, म्हणून त्या डबा पोटाशी धरून, झाकणावर पदर दाबून उघडायच्या. दिवा लावायच्या नाहीत. ताटलीत घ्यायच्या नाहीत, कारण ताटली घासावी लागली असती आणि सकाळी ती कुणाला तरी दिसली असती. उभ्या उभ्या, मुठीने.

‘पहिल्या दोन मुठी छान लागतात,’ त्या म्हणाल्या. ‘नंतर चव कळत नाही. हात मात्र थांबत नाही.’

खाण्याचा काही आजार आहे का, हे आधी बघणं गरजेचं होतं. ताबा सुटून पुन्हा पुन्हा खूप खाणं हा आजार म्हणून मान्य झालेला आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडून ते तपासून घेतलं, थायरॉइडचीही तपासणी झाली. दोन्हीकडून तसं काही निघालं नाही. (वजन कारण नसताना झपाट्याने वाढत असेल, स्टेरॉइड किंवा मनाच्या आजाराची काही औषधं चालू असतील, पाळी अनियमित असेल, तर डॉक्टरांना आधी भेटा. समुपदेशन त्यानंतर.)

मग आम्ही त्यांचा एक साधा दिवस कागदावर मांडला. पहाटे पाचला उठून चहा. तिघांचे डबे. नाश्ता नाही, ‘तेवढ्याच कॅलरी वाचतात’. दीड वाजता दोन चपात्या, भाजी. साडेपाचला घरी येऊन चहा, कालवलेले दोन घास सासूबाईंच्या आग्रहाने. रात्री सगळ्यांना गरम भाकरी करून वाढायच्या आणि स्वतः वाटीभर काकडी-टोमॅटो घेऊन बसायचं. कागद समोर ठेवला तर काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. रात्रीचा डबा म्हणजे दिवसभर थकवलेली उधारी होती, शरीर ती साडेदहाला वसूल करत होतं. शिवाय पहाटे पाचपासूनच्या सगळ्या धावपळीत त्या एकट्या असायच्या, कुणी हाक मारत नसायचं, अशी तेवढी एकच अर्धा तास वेळ होती. डबा काढून घेतला असता तर ती वेळही गेली असती. म्हणून डबा आम्ही हलवला नाही. आधी नाश्ता आणला.

आहारतज्ज्ञांनी सकाळी दोन अंडी किंवा मुगाची उसळ ठेवली, दुपारच्या डब्यात ताक आणि मूठभर मोड आलेली कडधान्यं, रात्री सगळ्यांसोबत एक भाकरी, भाजी, आमटी. रविवारचं मटण आणि पांढरा रस्सा तसाच राहिला. ताईंना धसका बसला. ‘एवढं खाऊन वजन कमी होणार?’ मी म्हटलं, पहिले तीन महिने वजन कमी करायचंच नाही. काटा बघायचाच नाही. आकडा बघून त्यांचा दिवस ठरत होता. दोनशे ग्रॅम वाढले दिसले तर त्या सकाळीच हरायच्या, आणि हरलेल्या दिवशी खाण्याला धरबंध राहायचा नाही.

हे ‘मोडलंच आहे तर’ प्रकरण डाएट करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकात मला दिसतं. शाळेत कुणाच्या मुलाच्या निकालाचा एक पेढा खाल्ला, की आजचा दिवस गेला. मग संध्याकाळची भजीही चालतात, आणि सोमवारपासून नव्याने सुरुवात. १९७५ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. डाएटवर असलेल्यांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर आइस्क्रीम समोर ठेवलं. मिल्कशेक पोटात गेल्यावर त्यांनी आइस्क्रीम कमी खायला हवं होतं, पण त्यांनी जास्त खाल्लं. नियम जितका कडक, तितका तो मोडल्यावरचा घसरडा उतार मोठा. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात ते पुष्कळदा बोलणी बसावीत म्हणून, पण उपाशी ठेवलेल्या शरीराचं ते नेमकं वर्णन आहे. पेढा हा एक पेढाच असतो, हे ताईंच्या अंगवळणी पडायला कित्येक महिने लागले.

मधे एकदा त्यांच्या यजमानांना बोलावलं. गृहस्थ मनाने चांगले. ‘मी हिला कधी बोलत नाही हो,’ ते म्हणाले. ‘उलट रोज व्यायामाचे व्हिडिओ पाठवतो, उत्साह यावा म्हणून.’

ताई खाली बघत होत्या. मी म्हटलं, व्हिडिओ आल्यावर काय होतं ते यांना सांगा.

‘मधल्या सुट्टीत डबा उघडलेला असतो आणि तुमचा मेसेज येतो. मग मी डबा बंद करते.’ थोडं थांबून त्यांनी भडंगाच्या डब्याबद्दलही सांगितलं. वीस वर्षांच्या संसारात यजमानांना ते माहीत नव्हतं. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘दिवा तरी लावायचा की गं.’

यजमान अंगाने सडसडीत, पण पोट पुढे आलेलं. आपल्याला काही होत नाही, ही त्यांची खात्री. त्यांना पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण दिलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच होता, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो, आणि ती पोटावर साठते. म्हणूनच भारतात पुरुषांचा कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांचा ८० च्या आत असावा असं सांगतात. यजमानांचा घेर जास्त निघाला. रक्त तपासलं, तर साखर सीमेवर. त्या दिवसापासून ते ताईंचे मार्गदर्शक राहिले नाहीत, सोबती झाले. रात्रीचं दूध, विरजण, ओटा पुसणं त्यांनी स्वतःकडे घेतलं. ताई त्या वेळी गच्चीवर जातात, बहिणीशी फोनवर बोलतात. भडंग आता संध्याकाळी चहासोबत असतं, ताटलीत.

सासूबाईंचं वेगळं होतं. वाढताना आग्रह करणं ही त्यांच्या मायेची रीत. ‘एवढ्याशा भाकरीने काय होतंय’ याला ‘नको’ म्हटलं की त्या दुखावायच्या. आम्ही ‘नको’ सोडून दिलं. ‘आई, आत्ता अर्धी वाढा, लागली तर मीच मागून घेते,’ एवढं ठरलं, आणि ते चाललं.

चौथ्या महिन्यापासून शनिवारी सकाळी वजन, आठवड्यातून एकदाच, वहीत नोंद. अमेरिकेत १९९४ पासून वजन टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलं असेल तरच तिच्यात नाव घेतात. त्या लोकांत काही सवयी सारख्या दिसतात: रोज तासभराच्या आसपास हालचाल, आठवड्याला वजन, सकाळचा नाश्ता. हे लोक स्वतःहून नाव नोंदवणारे, त्यामुळे हा काही सर्वांना लागू होणारा नियम म्हणता येणार नाही. पण कोणतीही सवय थोड्या दिवसांची नाही, हे त्यावरून दिसतं. आम्ही एक इशाऱ्याचा आकडाही ठरवला. ठरलेल्या वजनावर दोन किलो वाढले, की डाएट सुरू करायचं नाही, फक्त आहारतज्ज्ञांना फोन करायचा आणि वही उघडायची.

जुलैत पावसाने रंकाळ्यावर चालणं बंद पडलं. कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. आधीच्या खेपेला सगळं मोडलं होतं ते अशाच एका पावसाळ्यात. या वेळी शाळा सुटल्यावर एका सहकारी बाईंबरोबर शाळेच्या लांब व्हरांड्यात चालायचं आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यानंतर गौरी-गणपती, पाहुणे, पुरणपोळ्या, मोदक. शनिवारी दोन किलो जास्त. पूर्वीच्या ताई असत्या तर माझी पुढची वेळही त्यांनी रद्द केली असती. या वेळी त्यांनी फोन केला. ‘वाढलंय. येऊ का उद्या?’ माझ्या दृष्टीने त्या वर्षातली सगळ्यात मोठी प्रगती हीच.

दीड वर्षाने वजन ८० वर स्थिरावलं. ८६ वरून ८०, म्हणजे सात टक्के. डॉक्टर खूश होते, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ वरून ५.८ वर आली होती. ताई खूश नव्हत्या. ‘एवढं करून सहाच किलो? मी ६८ होते, मॅडम.’

त्यांचं दुःख मी घाईने पुसायला गेले नाही. त्या ६८ मध्ये लग्नातलं कौतुक होतं, शिवून घेतलेलं ब्लाउज होतं, सगळ्यांत पुढे उभं राहून काढलेला फोटो होता. ते वजन परत येईल असं आश्वासन मी देऊ शकत नव्हते, आणि दिलं नाही. एवढं मात्र सांगितलं, की २००२ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्यात वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम हेच उद्दिष्ट होतं. त्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासात तर वजन फारसं घटलं नाही, तरीही आहार आणि चालण्यामुळे धोका २८.५ टक्क्यांनी उतरला. काट्यावर न दिसणारं पुष्कळ काही शरीरात सुधारत असतं. हे पटायला वेळ लागतो. ताईंना अजून पुरतं पटलेलं नाही, आणि ती त्यांची मुभा आहे.

मागच्या भेटीत त्यांनी वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा विषय काढला. शाळेत सगळीकडे तीच चर्चा. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण ही औषधं नेमकी त्या भुकेवरच काम करतात हे मी सांगितलं. घेतली म्हणजे आळशीपणा केला असं मी अजिबात मानत नाही. औषध थांबवल्यावर काय होतं तेही सांगितलं: त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ते बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. शरीराची ओढ औषध असेपर्यंत दबते, जात नाही.

पुढच्या महिन्यात त्यांना संप्रेरकतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे, यजमानही सोबत जाणार आहेत. विचारायचे प्रश्न आम्ही बसून वहीत लिहिले. किती दिवस घ्यावं लागेल, महिन्याचा खर्च किती, स्नायू झडू नयेत म्हणून काय करायचं, पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास आधी झाला असेल तर चालतं का. शेवटचा प्रश्न ताईंनी स्वतःच्या अक्षरात खाली लिहिला: औषध थांबवल्यावर भूक परत येईल, तेव्हा मी कुणाला फोन करायचा?